गुलमंडीमागचं बूट दुरुस्तीचं दुकान आणि माझा शिवलेला सोल

बीड जिल्ह्यातल्या सौताड्याच्या दरीतल्या पायऱ्या चढायला लागले आणि चौथ्या-पाचव्या पायरीवरच माझ्या उजव्या बुटाचा सोल सुटला. 2024 चा सप्टेंबर होता. रामेश्वराच्या देवळाजवळ विंचरणा नदीचा धबधबा जोरात कोसळत होता, अख्ख्या दरीत तुषार होते आणि पायऱ्या भिजून काळ्याभोर झाल्या होत्या. आधी वाटलं, तळव्याला चिखलाचा गोळा बसलाय. पाय झटकला तर फट्‌ असा आवाज आला. वाकून बघितलं, अंगठ्यापासून निम्म्या तळव्यापर्यंत रबर लोंबत होतं आणि आतला पांढरा फोम उघडा पडला होता. परत खाली उतरले. देवळाबाहेर नारळ विकणाऱ्या मावशींनी पोत्याची सुतळी दिली. बुटाला तिचे चार वेढे देऊन मी वर आले आणि पठाराच्या कडेनं धावायचे उरलेले नऊ किलोमीटर सोडून भाच्याच्या मोटारसायकलवर बसून माहेरी गेले.

माझं माहेर पाटोदा तालुक्यातलं. ही दरी मी फ्रॉकच्या वयापासून बघत आलेय. श्रावणी सोमवारी आई आम्हाला रामेश्वराला न्यायची, तेव्हा आमच्या पायात दहा-वीस रुपयांच्या स्लीपर असायच्या आणि त्या कधी अशा मधेच सुटल्या नाहीत. बंद तुटायचा, तो आजोबा तारेनं जोडून द्यायचे. म्हणून साडेसात हजारांचा बूट सात महिन्यांत तोंड उघडून बसला याचं मला फार लागलं. तो मी पगारातून बाजूला टाकलेल्या पैशांतून घेतला होता.

कंपनीचं नाव लिहीत नाही. त्यांनी चार बाजूंनी फोटो मागवले, मी पाठवले. उत्तर आलं की वॉरंटी सहा महिन्यांची आहे आणि ही वापरातली झीज आहे. झीज म्हणजे रबर घासून कमी होणं. माझ्या बुटाचे खालचे दात अजून चांगले चार मिलिमीटर उभे होते. सुटणं आणि झिजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी तीनदा लिहून कळवलं. शेवटी त्यांनी पुढच्या खरेदीवर दहा टक्के सवलतीचं कूपन पाठवलं. ते मी वापरलं नाही.

संभाजीनगरात परतल्यावर ऑफिसातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी हे दुकान सांगितलं. ते दर वर्षी पायी वारी करतात आणि त्यांचे बूट सात वर्षांचे आहेत. त्यामुळं त्यांच्या शब्दावर मी लगेच गेले. गुलमंडीच्या मागच्या गल्लीत, दोन कापड दुकानांच्या मधे, जेमतेम सहा फुटांचा गाळा. दारावर पाटी नाही. बाहेर लोखंडी सळीला जुने पट्टे आणि दप्तरांचे बंद लटकवलेले असतात, तीच खूण. काका साठीच्या पुढचे आहेत. आत त्यांचा मुलगा मशीनवर दप्तरं आणि बॅगा शिवतो. बूट मात्र काका स्वतःच घेतात.

त्यांनी बूट हातात घेतला, उलटा केला, नाकाजवळ नेला आणि पहिला प्रश्न विचारला, "ताई, उन्हाळ्यात बूट कुठं ठिवता?"

"गाडीच्या डिक्कीत. सकाळी धावायला जाते, तिथून सरळ ऑफिसला."

"मग तिथंच सुटला हा. दरीत फक्त दिसला."

मला ते त्या क्षणी पटलं. एप्रिल-मे महिन्यात इथं पारा बेचाळीसपर्यंत जातो आणि उन्हात उभ्या असलेल्या स्कूटीच्या डिक्कीत हात घालवत नाही. त्या भट्टीत बूट दिवसचे दिवस पडलेला. काकांनी चिमट्यानं जुन्या गोंदाचा एक पापुद्रा काढून माझ्या तळहातावर ठेवला. पिवळा, कडक, बोटानं दाबला की चुरा होणारा. दोन महिने ज्याला मी नुसत्या शिव्या घातल्या त्या बुटाचं दुखणं मला पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं. वॉरंटीचा राग गेला नाही, पण डिक्कीत बूट ठेवणं त्या दिवसापासून बंद केलं. आता घरी कपाटाखाली, सावलीत, आत वर्तमानपत्राचे बोळे घालून ठेवते.

मी विचारलं, नुसता चिकटवून देता येईल का. ते म्हणाले, "चिकटवला तर पुन्हा येसाल. तुमी डोंगरात पळता, तिथं शिलाई लागती." मी मोबाइलवर वाचलं होतं की फोमच्या बुटाला टाका घालू नये, फोम फाटतो. तसं बोलूनही दाखवलं. त्यांनी वाद घातला नाही. टाका फोममधून जाणार नाही, बुटाच्या पुढच्या बाजूनं रबराची पट्टी वर घेऊन ती कापडाला आणि सोलच्या कडेला शिवायची, हे त्यांनी खडूनं बुटावरच आखून दाखवलं.

मी त्या दिवशी रजेवर होते, म्हणून तिथंच स्टुलावर बसून सगळं काम बघितलं. ते लिहिते, कारण घरच्या घरी ट्यूबमधला गोंद पिळून बूट चिकटवणारे आमच्या ग्रुपात चार जण आहेत आणि चौघांचेही परत सुटलेत.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो जुना गोंद काढण्यात. पाऊण तास. आधी रापीच्या टोकानं खरवडला, मग जाड पॉलिश पेपरनं फोम आणि रबर दोन्ही घासून खरखरीत केले, मग थिनरमध्ये भिजवलेल्या फडक्यानं पुसले. बोटाला धूळ लागत नाही याची खात्री झाल्यावरच सोल्युशनचा पहिला पातळ हात दिला आणि बूट बाजूला ठेवून दिला. तेवढ्यात त्यांनी एका मुलाच्या शाळेच्या बुटाला टाच बसवली. मग दुसरा हात. दुसऱ्या हातानंतर ते दर दोन-तीन मिनिटांनी करंगळी टेकवून उचलायचे. करंगळीला बारीक तार सुटत होती, लाडवाचा पाक बघतो तशी. तार सुटायची थांबली तेव्हा त्यांनी दोन्ही भाग गरम हवेच्या मशीननं शेकले आणि एका दमात जोडले. जोडताना मधून सुरुवात केली आणि कडेकडेला दाबत गेले, म्हणजे आत हवा राहत नाही. मग तीन पायांच्या लोखंडी ठोकळ्यावर बूट चढवून लाकडी हातोडीनं ठोकला आणि सायकलच्या ट्यूबची पट्टी करकचून गुंडाळून रात्रभर ठेवला.

दुसऱ्या दिवशी रबराची पट्टी आली. ती स्कूटरच्या जुन्या टायरच्या बाजूची, घासून पातळ केलेली. अंगठ्यावरून वर दोन बोटं रुंद, दोन्ही बाजूंना चवड्यापर्यंत उतरत गेलेली. आरीनं भोक, मेण लावलेला नायलॉनचा दोरा, दोन सुया समोरासमोरून. एका बुटाला बेचाळीस टाके मी मोजले. डावा बूट सुटला नव्हता, तरी त्यालाही तेच करून घ्यायला सांगितलं, कारण तोही त्याच डिक्कीत होता. दोन्ही बुटांचे मिळून साडेतीनशे रुपये.

आता हा बूट कुठं-कुठं नेला ते सांगते, कारण दुकानाची खरी परीक्षा तिथं झाली.

पहिली फेरी वेरूळ-म्हैसमाळ भागात, नोव्हेंबरात. खुलताबादहून म्हैसमाळला बारा किलोमीटरची डांबरी सडक जाते, ती मी टाळते, सुट्टीच्या दिवशी गाड्या फार असतात. पठारावर गिरिजामातेच्या देवळापासून टीव्ही टॉवरच्या बाजूला आणि कड्याच्या अंगानं ढोरवाटा आहेत, त्यांवर सात-आठ किलोमीटरचा फेरा होतो. पठार सपाट, गवत पिवळं पडलेलं, धाव मोकळी. कस लागतो तो उतारावर. तिथं खडकावर मुरमाचा पातळ थर असतो आणि त्यावर पाय पडला की ज्वारीच्या दाण्यांवर पडल्यासारखा सरकतो. शिवाय गवतात लपलेले दगड अंगठ्याला ठेचतात. आधीच्या सात महिन्यांत माझी दोन नखं काळी पडली होती. टायरची पट्टी आल्यापासून एकही नाही. कंपनीनं पुढं लावलेलं पातळ प्लास्टिक जे करू शकलं नाही ते या पट्टीनं केलं, आणि दुरुस्तीत मला हे वर मिळालं.

पण त्याच फेरीत दुकानाचा पहिला दोषही कळला. सहाव्या किलोमीटरला उजव्या करंगळीखाली जळजळ सुरू झाली. घरी येऊन इनसोल काढला तर आतल्या बाजूला दोऱ्याची गाठ वर आली होती आणि त्यावर घासून फोड आला होता. परत गेले. काकांनी गाठ ठोकून बसवली, वरून बकऱ्याच्या पातळ चामड्याचा तुकडा चिकटवला, पैसे घेतले नाहीत. चूक मान्य केली, तेही सरळ: "ही माझी नजरचूक झाली." तरी धावणाऱ्यांनी बूट घेताना दुकानातच इनसोल काढून आतून हात फिरवावा. चालणाऱ्याला ती गाठ कदाचित कधीच लागली नसती.

दुसरी जागा अजिंठ्याचा व्ह्यू पॉइंट. जानेवारीत गेलो. लेण्यांकडून नाही, वरच्या पठाराच्या बाजूनं. शेतांच्या बांधावरून, कपाशीच्या पऱ्हाट्या उभ्या असलेल्या वावरांमधून वाट कड्यावर येते आणि एकदम समोर वाघूर नदीचा नाल उघडतो. घोड्याच्या नालासारखी वळलेली दरी, पलीकडच्या कड्यात रांगेनं लेणी. 1819 मध्ये जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला शिकारीच्या निमित्तानं याच बाजूनं लेणी दिसली असं सांगतात. मला तिथं दर वेळी दुसरीच गोष्ट आठवते. या डोंगररांगेच्या दक्षिणेला पडलेलं पाणी गोदावरीला जातं आणि वाघूर मात्र उत्तरेला तापीकडं वळते. म्हणजे आपण दोन नद्यांच्या पाणलोटाच्या मधल्या भिंतीवर धावत असतो. तिथं उभं राहून हे समजणं आणि नकाशात बघणं यात फरक आहे.

तिथला उतार पायऱ्या-पायऱ्यांचा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरले, त्यातला एक कठीण, एक पोकळ, म्हणून आपल्याकडच्या सगळ्याच दऱ्या अशा टप्प्याटप्प्यानं उतरतात. कठीण थरावर बूट छान धरतो. पोकळ, भोकाभोकांच्या दगडावर रबर किसणीवर घासल्यासारखं खरवडलं जातं. त्या दिवशी माझ्या जुन्या सोलचे दात जितके झिजले तितके आधीच्या महिनाभरात झिजले नव्हते. टायरच्या पट्टीला नुसते ओरखडे. लेण्यांच्या आवारात आम्ही धावत नाही, तुम्हीही धावू नका. तिकीट काढून निवांत बघायची जागा आहे. सोमवारी ती बंद असते आणि वेरूळ मंगळवारी. बाहेरगावाहून येणाऱ्या दोन मित्रांनी हे न बघता बेत आखला आणि दोन्ही दिवस वाया घालवले.

मग पितळखोरा. इथं मला दुकानाच्या कामाची खरी मर्यादा कळली. कन्नडच्या पुढं, सातमाळ्याच्या डोंगरात, गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात ही लेणी आहेत. अजिंठ्यातल्या बहुतेक लेण्यांहून जुनी, दगड ठिसूळ असल्यानं बरीच ढासळलेली. पायऱ्या उतरून ओढ्यापर्यंत जायचं आणि त्याच वाटेनं वर यायचं, मग वरच्या पठारावर मोकळं धावायचं असा बेत होता. जुलै 2025, तीन दिवसांची झड नुकतीच उघडलेली. ओढ्याकाठच्या खडकावर हिरवट काळं शेवाळं. पुढच्या पट्टीवर वजन टाकून मी एक पाऊल टाकलं आणि सरळ बसले. गुडघा फुटला, मनगट मुरगळलं. टायरचं रबर कठीण असतं. कोरड्या दगडावर ते टिकतं, ओल्या दगडावर मूळच्या सोलइतकं धरत नाही. काकांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ पट्टीवरून अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले की खालच्या कडेचा एक सूतभर भाग कापून तिथं मऊ रबर लावून देतो, टायर फक्त वरच्या बाजूला ठेवू. तसं करून दिलं. आता बरं आहे, पण शेवाळ्यावर कुठलाच सोल भरवशाचा नाही. तिथं मी आता चालते, तेही हात टेकत.

पितळखोऱ्याबद्दल आणखी थोडं. ते अभयारण्य आहे, आत बिबट्या आहे, तरस आहे. नाक्यावर नोंद केल्याशिवाय, उजाडायच्या आधी किंवा दिवस कलल्यावर आत धावू नये. कड्यांना आग्या मोहोळाची पोळी असतात. अत्तर, स्प्रे, आरडाओरडा, धूर, यातलं काहीही नको. आमच्यातला एक जण हेडफोन न लावता मोबाइलवर गाणी लावून धावायचा, त्याला आम्ही तिथं न्यायचं बंद केलं. दगडाखाली फुरसं असू शकतं, म्हणून हात टेकताना आधी बघायचं. मी गुडघा फुटून बसले तेव्हा दोन्ही हात न बघता टेकले होते, ते आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

सप्टेंबर 2025 मध्ये धावणं झालंच नाही. त्या पावसानं मराठवाड्यातली किती शेतं खरवडून नेली ते सगळ्यांनी पाहिलं. भावाच्या ओढ्याकाठच्या वावरातली माती गेली आणि तिथं दगडगोटे येऊन पडले. घरात गुडघाभर गाळ. मी हेच बूट घालून आठ दिवस गावी होते. घमेल्यानं गाळ उपसायचा, भिजलेलं सोयाबीन बाहेर काढायचं, दगड वेचून बांधावर टाकायचे. काळी माती ओली असली की पाऊल उचलताना बुटाला मागं ओढते. प्रत्येक पावलाला तो सोल खेचला जात होता, तोही दिवसदिवसभर. सौताड्याला सात महिन्यांत सुटलेला तोच सोल त्या आठ दिवसांत एका टाक्यानंही हलला नाही. मला या दुकानाबद्दल लिहायचं होतं ते खरं तर तेव्हापासून. धावण्याचे बूट म्हणून मी ते दुरुस्त केले होते आणि ते भावाच्या शेतात कामाला आले.

परत आल्यावर बूट धुऊन काकांकडं नेले. त्यांनी शिलाईत अडकलेली माती सुईनं काढून बोटांवर चोळून बघितली आणि विचारलं, "बीडकडची का?" मग म्हणाले की ते लहान असताना त्यांचे वडील पैठणच्या बाजाराला चपला घेऊन जायचे, तेव्हा गिऱ्हाइकाच्या चपलेवरची माती बघून कुणाला कसला सोल द्यायचा ते ठरवायचे. मुरमाडवाल्याला जाड टाच, काळ्या रानातल्याला गुळगुळीत सोल, म्हणजे चिखल धरून बसणार नाही. त्या दिवशी शिलाई तपासण्याचे त्यांनी पैसे घेतले नाहीत. मी ठेवले तर परत दिले.

नोव्हेंबरात पुन्हा बीडकडचे बालाघाटाचे डोंगर. मांजरसुंब्याच्या परिसरातून कपिलधारकडं. मन्मथस्वामींची समाधी तिथं आहे, बाजूला धबधबा, आणि कार्तिक पौर्णिमेला मोठी यात्रा असते. यात्रेचा आठवडा सोडून जावं, वाटा मोकळ्या मिळतात. त्या दिवसांत उतारावर सीताफळं पिकलेली असतात आणि झाडावरच डोळे उघडतात. बीडच्या सीताफळाचा गोडवा मी दुसरीकडं कुठं चाखलेला नाही. वाटेत एका आजींकडून वीस रुपयांची पाच घेतली, खाल्ली, बिया खिशात घालून आणल्या.

पण याच महिन्यात कुसळं. ज्यांनी मराठवाड्याच्या माळावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाय टाकलाय त्यांना वेगळं सांगायला नको. मोज्यात शिरतात, विणीतून आडवी जातात, आणि प्रत्येक पावलाला टोचत आत सरकतात. बुटाच्या जिभेच्या दोन्ही बाजूंनी तर थेट रस्ताच. मी हे दुकानात सांगितलं होतं. काकांनी जिभेच्या दोन्ही कडांना कापडाची घडी शिवून ती बुटाला जोडली, म्हणजे बाजूनं फटच राहिली नाही. त्याचे साठ रुपये. आणि घोट्यासाठी त्यांच्या मुलानं जुन्या छत्रीच्या कापडाची झालर शिवली, वर इलॅस्टिक, खाली लेसला अडकवायचा हुक, तळव्याखालून पट्टी. जोडीचे एकशेऐंशी. छत्रीचं कापड इतकं घट्ट विणलेलं आणि गुळगुळीत असतं की कुसळाला धरायला जागाच सापडत नाही. ऑनलाइन मिळणाऱ्या ताणल्या जाणाऱ्या कापडाच्या झालरी मी आधी वापरल्यात, त्यांच्यात कुसळं जास्तच अडकायची. कपिलधारला सोळा किलोमीटर झाले, घरी येऊन मोजे उलटे केले, तीन कुसळं निघाली. आदल्या वर्षी तेवढ्याच अंतराला मी आणि भाच्यानं अर्धा तास बसून उपटली होती. एकच बघा, तळव्याखालची पट्टी दगडावर घासून तुटते. माझी दोनदा तुटली. तिथं कापडाऐवजी ट्यूबचं रबर लावून घ्या.

धाराशिव जिल्ह्यातल्या येडशीच्या रामलिंगलाही हे बूट जाऊन आले. दरीतलं देऊळ, माकडं, पावसाळ्यात धबधबा, जागा सुंदर. पण धावायला वाट लहान आहे आणि श्रावणात गर्दी, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही. घरच्यांना घेऊन जायला उत्तम.

दुकानाच्या तक्रारीही लिहायला हव्यात. वेळेचा भरवसा नाही. पाच दिवस सांगितले तर दहा धरा. पहिल्यांदा मी बसून राहिले म्हणून दोन दिवसांत झालं. दिवाळीआधी आणि जूनमध्ये शाळा उघडताना तर जाऊच नका, दप्तरांचा ढीग असतो. फोन उचलत नाहीत. बिल मिळत नाही. बूट जड होतो. माझा एकेक बूट दुरुस्तीनंतर साधारण पन्नास ग्रॅमनं वाढला. सडकेवर वेळ लावून धावणाऱ्याला ते जाणवेल. डोंगरात मला जाणवत नाही. रंगाशी रंग जुळवणं हा त्यांचा विषय नाही, निळ्या बुटावर काळी पट्टी आणि पांढरा दोरा असं माझं ध्यान आहे. आणि एकदम बसलेला, दाबून मेलेला फोम ते जिवंत करू शकत नाहीत, तसं ते स्वतःच सांगतात. आमच्यातल्या एकाचे बूट त्यांनी हातात घेऊन, अंगठ्यानं टाच दाबून, "याच्यावर पैसे घालू नका" म्हणून परत केले. त्याला वाईट वाटलं, मला मात्र त्यानंच जास्त विश्वास बसला.

हिशोब सांगते. दुरुस्तीआधी या बुटांवर वहीत 312 किलोमीटर लिहिलेले आहेत. दुरुस्तीनंतर, गावाकडचे आठ दिवस सोडून, 468. सगळ्या दुरुस्त्यांचा खर्च, मऊ रबराचे सत्तर धरून, सहाशे साठ रुपये. आमच्या ग्रुपातल्या पाच जणांनी आता तिथून काम करून घेतलंय, त्यातल्या एकाचं कडेचं चिकटवणं महिन्यात सुटलं, ते काकांनी परत करून दिलं. बाकी चौघांचं पक्कं आहे.

तुम्ही जाणार असाल तर बूट धुऊन, सावलीत दोन दिवस वाळवून न्या. ओल्या फोमला सोल्युशन धरत नाही आणि काका ओला बूट घेतही नाहीत. इनसोल आणि लेस घरी काढून ठेवा, हरवतात. सुटलेला सोल तुमच्या हातानं कशानंही चिकटवून नेऊ नका, तो गोंद काढण्यातच त्यांचा अर्धा दिवस जातो आणि त्याचे ते वेगळे पैसे घेतात, बरोबरच आहे. कुठं धावता ते आवर्जून सांगा: मुरूम, काळी माती की ओला दगड. त्यावर ते रबर ठरवतात. दुकान साधारण अकराला उघडतं, दुपारी दोन ते तीन जेवणाची सुट्टी, रात्री आठपर्यंत चालू. अमावास्येला बंद, कॅलेंडर बघून निघा.

माझा डावा बूट सध्या तिथंच आहे, टाचेच्या बाहेरच्या अंगानं झिजलाय, तेवढाच रबराचा तुकडा लावायला सांगितलाय. गुरुवारी देतो म्हणालेत. गुरुवारी मिळाला तर रविवारी सौताडा. त्या दिवशी राहिलेले पठाराच्या कडेचे नऊ किलोमीटर अजून बाकी आहेत, आणि मावशींची सुतळीही परत द्यायचीय.